लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो तेव्हा

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, असं इंटरनेटवर विचारलं की क्षणात उत्तर येतं: सुमारे १३,५०० किलोमीटर. त्याच्याखाली विमानप्रवासाचा अंदाजही असतो, सोळा तासांच्या आसपास. पहिला आकडा बरोबर आहे. दुसरा मात्र पहिल्याला विमानाच्या सरासरी वेगाने भागून, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवून काढलेला असतो. त्यात वारा नाही, डोंगर नाहीत, देशांच्या सरहद्दी नाहीत आणि इंजिन बंद पडलं तर काय, हा प्रश्नही नाही. मुलगी सनीव्हेलला किंवा फ्रीमाँटला आणि आईवडील ठाण्याला किंवा पुण्याला, अशी कितीतरी मराठी घरं आज आहेत. प्रत्येक खेपेला प्रवासाचा वेळ वेगळा का लागतो, जाताना एक आणि येताना दुसरा का, हा त्यांचा खराखुरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधू लागलं की भूगोल, हवामान, यंत्रशास्त्र आणि राजकारण या सगळ्यांतून जावं लागतं.

आधी तो बरोबर असलेला आकडा पाहू. पृथ्वीचा गोल घ्यावा, एक दोरा मुंबईवर धरावा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवून ताणावा. दोरा ताठ झाला की जिथून जाईल तो सर्वांत जवळचा रस्ता. गणितात याला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. हा कंस मुंबईतून पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, उत्तरेपासून जेमतेम १४ अंश पूर्वेकडे कललेला. राजस्थानातल्या शेखावाटीवरून, हिमाचलवरून तो लेहच्या जवळ येतो. पुढे तकलामकानचं वाळवंट, अल्ताई पर्वत, येनिसेई नदीचं खोरं, तैमिर द्वीपकल्प आणि मग आर्क्टिक महासागर. साधारण ७७ अंश उत्तर अक्षांशाला गेल्यावर तो खाली वळू लागतो, अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर पुन्हा जमिनीवर येतो, युकॉनच्या हिमनद्या ओलांडतो आणि व्हँकूव्हर बेटाच्या टोकाजवळून किनाऱ्याला धरून सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो. विषुववृत्ताकडे झुकलेली ही दोन शहरं, पण त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट ध्रुवाच्या शेजारून जाते.

हे पटायला जड जातं, कारण शाळेच्या भिंतीवर आपण पाहिलेला नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटरने तो दर्यावर्दी लोकांसाठी केला. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून जहाज हाकलं तर ते ज्या वाटेने जाईल ती वाट त्या नकाशावर सरळ रेघ दिसते. खलाशांसाठी ही मोठीच सोय होती. पण ही सरळ रेघ जवळची नसते. मुंबईहून पूर्वेकडे अशी एकाच दिशेची रेघ धरून सॅन फ्रान्सिस्कोला गेलं तर सुमारे १६,१०० किलोमीटर कापावे लागतील, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा अडीच हजारांहून अधिक.

मग विमान दोऱ्याच्या वाटेने का जात नाही? पहिली अडचण लेहच्या पुढेच उभी आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झपाट्याने तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून खाली पडणाऱ्या त्या पिवळ्या मास्कमधला प्राणवायू साधारण १२ ते २० मिनिटं पुरतो, तो फक्त खाली येईपर्यंतच्या काळासाठी असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरपेक्षा जास्त आहे. तिथे खाली यायला जागाच नाही. म्हणून एवढ्या मोठ्या पठारावर विमानमार्ग फार थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांच्यासाठी सुटकेच्या वाटा आधीपासून आखून ठेवाव्या लागतात. उत्तर भारतातून निघालेली विमानं त्यामुळे एकतर पश्चिमेला पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया अशी वळसा घालत, नाहीतर पूर्वेला बंगालच्या बाजूने म्यानमार आणि चीनकडे जातात.

पण खरा खेळ वाऱ्याचा आहे. त्याच्याइतकं मोठं कारण दुसरं नाही, आणि तो नीट कळावा म्हणून दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाची हकिगत सांगितली पाहिजे. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. या दोन शहरांमधलं दोऱ्याचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. सुरुवातीला विमान पश्चिमेला निघून युरोप आणि अटलांटिकवरून जात असे, प्रत्यक्षात जवळपास १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच बदलली. विमान पूर्वेला, चीन आणि जपानवरून पॅसिफिक ओलांडून जाऊ लागलं. हा रस्ता १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्यापेक्षा १,४०० किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचलं. त्या वेळी ही जगातली सर्वांत लांब अंतर कापणारी थेट विमानसेवा ठरली.

गणित करून पाहावं. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ताशी १,०५५ किलोमीटर. हे विमान स्थिर हवेत ताशी ९०० च्या आसपास जातं. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिले, दर तासाला, साडेचौदा तास. प्रवाहात सोडलेली नाव जशी वल्हं न वाढवता पुढे जाते, तसं. इंजिनाला या वाऱ्याची खबरही नसते. त्याच्या दृष्टीने विमान सतत त्याच वेगाने हवा कापत असतं. म्हणूनच मार्ग आखणारे लोक दोन वेगळी अंतरं मोजतात: जमिनीवरचं आणि हवेतलं. साडेचौदा तासांत विमानाने जमिनीवर १५,३०० किलोमीटर कापले, पण हवेतून मात्र तेरा हजारांच्या आसपासच. इंधन जळतं ते हवेतल्या अंतराप्रमाणे. प्रवाशाचा वेळ जातो तोही हवेतल्या अंतराप्रमाणे. संकेतस्थळावर छापलेलं किलोमीटरचं अंतर या दोन्हींपैकी कशाचंच माप नाही.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या प्रवासी विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद आणि वेगवान पट्टा. उष्ण प्रदेशातली हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक त्याला जन्म देतो आणि पृथ्वीचं फिरणं त्याला पूर्वेकडे वळवतं. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, म्हणून हिवाळ्यात तो अधिक जोराचा. जपानच्या आकाशात तर हिवाळ्यात त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. त्याची पहिली नीट मोजणी झाली तीही तिथेच. वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेत फुगे सोडून वरच्या हवेचा वेग मोजत होते. १९२६ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं छापली ती एस्परांतो भाषेत, सगळ्या जगाला वाचता यावीत या इच्छेने. जगाने ती वाचलीच नाहीत. मला ही विज्ञानाच्या इतिहासातली फार हळहळ वाटायला लावणारी गोष्ट वाटते. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर उंचावरून आली तेव्हा या वाऱ्याने त्यांचा नेम चुकवला आणि अमेरिकन वैमानिक चकित झाले. जपानला मात्र तो ठाऊक होता. त्याच हिवाळ्यात त्यांनी नऊ हजारांहून अधिक बॉम्ब लावलेले फुगे याच वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. आज त्याच पट्ट्यावर स्वार होऊन आपली माणसं कॅलिफोर्नियाला जातात.

परतीचं काय? जाताना मिळालेलं येताना जातं, म्हणजे शेवटी हिशेब सारखाच, असं वाटू शकतं. तसं होत नाही. समजा दोन शहरांत ९,००० किलोमीटर अंतर आहे आणि विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर जाऊन-येऊन वीस तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा घ्या. अनुकूल वाऱ्यात ताशी १,००० ने नऊ तास, प्रतिकूल वाऱ्यात ताशी ८०० ने सव्वाअकरा तास. बेरीज सव्वावीस. पंधरा मिनिटं कायमची गेली, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि त्याचा मार जास्त वेळ खातं. त्यामुळे परतताना त्याच रस्त्याने यायचंच नाही, हा शहाणपणा. सॅन फ्रान्सिस्कोहून भारताकडे येणारी विमानं जेट स्ट्रीमच्या उत्तरेला, अलास्का आणि आर्क्टिकच्या बाजूने यायला बघतात, म्हणजे दोऱ्याच्या वाटेच्या जवळ. रोजचा वारा वेगळा, म्हणून रोजचा रस्ताही वेगळा. उड्डाणाच्या काही तास आधी हवामानाचा ताजा अंदाज घेऊन तो नव्याने आखला जातो.

एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो इथेच दूर करायला हवा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमानाने नुसतं वर जाऊन थांबावं, खालून अमेरिका आपोआप येईल, असं मुलं विचारतात आणि मोठ्यांना उत्तर सुचत नाही. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटर वेगाने फिरते आहे, हे खरं. पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. उड्डाण केल्याने विमानाचा तो वेग संपत नाही. त्यामुळे पूर्वेला जायला पृथ्वीच्या फिरण्याने थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही. फायदा-तोटा होतो तो जमिनीपेक्षा वेगाने पुढे सरकणाऱ्या हवेमुळे, म्हणजे वाऱ्यामुळेच.

इंधनाची गोष्ट याहून कठोर आहे. बोइंग ७७७-२०० एलआर हे एअर इंडियाने अमेरिकेच्या थेट फेऱ्यांसाठी वापरलेलं विमान. त्याचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३४७ टन, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातलं सुमारे १४५ टन इंधन. उरलेल्या दोनशे टनांत विमानाचा सांगाडा, माणसं, सामान हे सगळं बसवायचं. आणि इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं: जास्तीचा प्रत्येक टन दर तासाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीन-चार टक्के इंधन खातो. पाच तासांच्या प्रवासात हे चालून जातं. सोळा तासांच्या प्रवासात जास्त घेतलेल्या टनाचा मोठा भाग स्वतःलाच वाहून नेण्यात संपतो. म्हणून उलटा वारा जोरात असेल तेव्हा कंपन्या काही जागा रिकाम्या ठेवतात किंवा माल उतरवतात. याच जातीच्या विमानाने नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँगहून पूर्वेला निघून पॅसिफिक, उत्तर अमेरिका आणि अटलांटिक ओलांडत लंडन गाठलं: २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, कुठेही न थांबता. विक्रम झाला, पण विमानात प्रवासी जवळजवळ नव्हतेच.

आणि इंजिनं दोनच. १९५३ पासून अमेरिकेत नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने सर्वांत जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही. समुद्र ओलांडायचा तर तीन किंवा चार इंजिनं हवीत. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटं झाली, पुढे १८०, आणि आज काही विमानांना त्याहूनही बरीच जास्त मुभा आहे. इंजिनं इतकी भरवशाची झाली नसती तर मुंबईहून कॅलिफोर्नियाला थेट जाणं परवडलंच नसतं. तरीही आडवाटेवरचा प्रत्येक विमानतळ मार्गाच्या आखणीत मोजलेला असतो. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान एका इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादान इथे उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. गाव लहान, भाषा परकी, मुक्कामाची सोय शाळांच्या इमारतींपर्यंत करावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुंबईहून दुसरं विमान निघालं, आणि त्यातून ते पुढे गेले. लोकांचे हाल झाले हे खरं, पण ज्या विमानतळाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तो तिथे होता म्हणून ही हालांचीच गोष्ट राहिली.

मगादानच्या प्रसंगात सरहद्दींचाही धागा आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. भारतीय विमानांना ते खुलं राहिलं. त्यामुळे युनायटेड एअरलाइन्सला मार्च २०२२ मध्ये नेवार्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि एअर इंडियाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट फेरी सुरू केली. मग पारडं फिरलं. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. दोऱ्याची वाट पाकिस्तानला शिवतही नाही, पण पठार टाळणारी पश्चिमेची वाट शिवते. त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्यात थांबून येऊ लागलं. पृथ्वीवरचं अंतर तसूभरही बदललं नव्हतं.

आता घड्याळ. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळं तासभर पुढे करते, तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तो साडेबारा. जानेवारीत मुंबईहून दुपारी दोनला निघालं आणि सोळा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. त्यातून साडेतेरा वजा केले की निघालो त्याच तारखेचे दुपारचे साडेचार. तिकिटावर निघणं दोनला, पोहोचणं साडेचारला. येताना उलट. शुक्रवारी रात्री नऊला निघून सतरा तास लागले तर मुंबईत उतरताना रविवार पहाटेचे साडेतीन. शनिवार जवळजवळ हाताला लागतच नाही. वेळेचा हा भूगोल आपल्याकडे फार जुना आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने लंकेत सूर्योदय असताना पूर्वेच्या यमकोटीत मध्यान्ह, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र असते, असं मांडून ठेवलं होतं. नव्वद-नव्वद अंशांवरच्या या चार ठिकाणांच्या हिशेबात मुंबई लंकेच्या बाजूला धरली, तर सॅन फ्रान्सिस्को सिद्धपुराच्या बाजूला पडतं.

शरीराला मात्र हे गणित पटत नाही. झोप, भूक, शरीराचं तापमान यांचं आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. बारा-तेरा तासांचा फरक अंगवळणी पडायला म्हणूनच आठवडाभर किंवा अधिक जातो, आणि वय झालेल्या माणसांना तो जास्त जाचतो. बोटीच्या काळात असं नव्हतं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस. दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळेत सुमारे पावणेअकरा तासांचं अंतर, म्हणजे दिवसाला सरासरी अकराच मिनिटं घड्याळ सरकलं. त्यांना दुसऱ्या हजार अडचणी होत्या, थंडीची, अन्नाची, एकटेपणाची, पण आपण ज्याला जेट लॅग म्हणतो तो त्रास या प्रवासात संभवतच नव्हता.

थेट विमान मिळत नसेल, किंवा सोळा तास एका जागी बसणं आईवडिलांना झेपत नसेल, तर थांबा घेण्यात फार गमावत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००. बेरीज पंधरा हजारांच्या आत, थेट दोऱ्यापेक्षा सुमारे दीड हजार जास्त. दुबईहून निघणारी दोऱ्याची वाट तर उत्तर ध्रुवापासून दोनशे किलोमीटरवरून जाते. उडण्याचा वेळ पावणेदोन-दोन तासांनी वाढतो, वर थांब्याचे तास. सिंगापूरमार्गे गेलं तर मात्र अंतर साडेसतरा हजारांवर जातं, आणि तिकीट स्वस्त दिसलं तरी अंगावर येणारे तास त्या प्रमाणात वाढतात. तिकीट काढताना किलोमीटर पाहण्यापेक्षा त्या तारखेच्या आसपास तेच विमान गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तासांत उतरलं, हे पाहावं. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ते कळतं, आणि जाण्याचा व येण्याचा वेळ वेगवेगळा बघावा लागतो.